अजिंठ्याच्या वेशीवरचा पहिला दिवस

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘विद्यार्थी आणि शिस्त’ या विषयावर आम्ही चार शब्द बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा होती. छत्तीस वर्षे हाती खडू धरून त्या विषयावर आम्ही इतके बोललो आहो की, आता त्यात आमचे आम्हांसच नवे काही ऐकू येत नाही. म्हणून चिटणीसांची क्षमा मागून आम्ही आज एका निराळ्याच दिवसाची हकीकत सांगणार आहो. विद्यार्थी तीत आहेत. शिस्तही थोडीफार आहे. मात्र त्या दिवशी विद्यार्थी आम्ही होतो आणि शिस्त आम्हांस लावली जात होती, एवढे आधी सांगून ठेवतो.

आम्ही अजिंठा गावचे. बाहेरचे लोक अजिंठा म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात लेणी असतात. पण लेणी गावापासून दहा-बारा किलोमीटरांवर, घाट उतरून फर्दापुराच्या अंगाला, वाघूर नदीच्या वळणावर आहेत. गावाने त्यांना फक्त आपले नाव दिले आहे. याच गावाच्या बाजारात आमच्या तीर्थरूपांचे शिलाईयंत्र होते. त्याच्या खडखडाटात आम्ही अभ्यास केला, १९७४ साली मॅट्रिक झालो आणि शिक्षकाची नोकरी धरली. सिनेमा म्हणजे त्या काळी तंबूतला. बाजाराच्या दिवशी कनात लागे आणि तीर्थरूप आम्हांस त्या दिशेने मान वळवू देत नसत. तंबूची फाटकी कनात मात्र शिवावयास त्यांच्याचकडे येत असे. तिचे पैसे ते घेत असत, हेही सांगितले पाहिजे.

आता मूळ गोष्टीकडे वळू. तीन वर्षांपूर्वी आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीकडे एक अर्ज आला. अर्जदार मुलगी बारावी उत्तीर्ण, गुण चांगले. शिकावयाचे होते चित्रपट दिग्दर्शन. समितीत आम्ही चौघे. एक सभासद म्हणाले, “सिनेमा हे काही शिक्षण नव्हे.” दुसऱ्यांनी मान डोलावली. अर्ज नामंजूर झाला आणि त्याखाली चार सह्या पडल्या. त्यांतील एक आमची होती. ती मुलगी आमच्या कन्येची कन्या, म्हणजे आमची नात. घरच्या मुलीसाठी पक्षपात केला असे कोणी म्हणू नये म्हणून आपण सही केली, असे आम्ही पत्नीस सांगितले. ती बाई चाळीस वर्षे आमच्याबरोबर राहिलेली. ती काही बोलली नाही. खरे कारण हे की, आम्हांसही ते शिक्षण वाटत नव्हते.

जावयांनी कर्ज काढले आणि मुलगी छत्रपती संभाजीनगरास शिकावयास गेली. दुसऱ्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने एक लघुपट करावयाचा असतो. तिने जागा निवडली ती आजोळची. घरचे कोणी वडीलधारे माणूस बरोबर असले पाहिजे, ही जावयांची अट. अशा रीतीने निवृत्त माणसाचा नंबर लागला.

लघुपटाचा विषय साधा होता. लेण्यांच्या पायथ्याशी गारगोट्या विकणारी मंडळी आपण सर्वांनी पाहिली आहेत. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत हे स्फटिक सापडतात. बाहेरून ओबडधोबड दगड, फोडला की आत चांदणे. अशा एका विक्रेत्याचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा रोज वडिलांबरोबर दगड घेऊन जातो, शेकडो प्रवासी लेण्यांकडे जाताना पाहतो. पण आत काय आहे ते त्याने स्वतः कधी पाहिलेले नाही. तो एक दिवस आत जावयाचे ठरवितो, एवढीच गोष्ट. आम्ही विचारले, “मग आत गेल्यावर काय होते?” ती म्हणाली, “आबा, तिथेच संपतो.” आम्हांस हे अपुरे वाटले. अजूनही थोडेसे वाटते.

लेण्यांच्या आत कॅमेरा लावावयाचा तर केंद्रीय पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो, आणि तो कॉलेजच्या मुलांना चार दिवसांत मिळत नाही. मुले कुरकुरत होती. आम्ही मात्र खात्याच्या बाजूचे. ती चित्रे कशावर काढली आहेत? खडबडीत दगडावर माती, भुसा आणि गवताचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग. पंधराशे वर्षांपूर्वीचा हा संसार. प्रखर दिवे आणि माणसांचा श्वास, दोन्ही त्याला सोसत नाहीत. परक्याने चांगल्या हेतूने हात लावला तरी काय होते हेही लेण्यांनी पाहिले आहे. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणविले. सुटणारा गिलावा त्यांनी पक्का केला खरा; पण चित्रांवर दिलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडले. तेव्हा नातीनेच निर्णय केला की, लेणे दाखवावयाचेच नाही. गावाची वेस, घाट आणि मुलाचा चेहरा दाखवावयाचा.

मंडळी आदल्या रात्री एस.टी.ने उतरली. दोन मुली, तीन मुलगे. ओसरीवर पथाऱ्या पडल्या. नातीने आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर एक कागद डकविला. त्यावर कोणी किती वाजता कोठे असावे ते लिहिलेले होते. एकूण अकरा शॉट. पहिला सकाळी लवकर. प्रत्येक शॉटचे चित्र तिने वहीत आधी काढून ठेवले होते. चित्रे सुमारच होती, पण कॅमेरा कोठे आणि सूर्य कोठे हे प्रत्येक चित्राखाली लिहिले होते. कापड बेतण्यापूर्वी तीर्थरूप खडूने खुणा करीत, त्याची आम्हांस आठवण झाली. ते आम्ही बोलून दाखविले नाही.

डिसेंबरची थंडी. जुन्या वेशीच्या कमानीतून मुलगा टोपली घेऊन बाहेर येतो आणि कोवळे ऊन त्याच्या तोंडावर पडते, हा पहिला शॉट. मुलगा खराच गारगोटीवाल्याचा. त्याच्या आईबापांची रीतसर संमती घेतलेली, बाप शेजारी उभा. नातीने आवाज दिला, मुलगा चालत आला, ऊन बरोबर पडले. पुन्हा एकदा केले. ते पहिल्याहून सरस. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. मग कॅमेरा धरणाऱ्या पोराचा चेहरा उतरला. लाल बटण एकदा दाबले की कॅमेरा सुरू होतो, दुसऱ्यांदा दाबले की बंद. घाईत त्याने कोठे तरी एकदा जास्त दाबले होते. परिणामी मुलगा चालत असता कॅमेरा झोपलेला आणि सगळे थांबले की जागा! कार्डावर निघाले काय? जमीन, दोघांचे पाय आणि आमचा खोकला. तोवर सूर्य कमानीच्या वर गेला होता.

आमच्या वर्गात असा प्रकार झाला असता तर आम्ही त्या पोरास बाकावर उभे केले असते. नातीने त्याला इतकेच म्हटले की, यापुढे प्रत्येक वेळी ‘चालू आहे’ असे मोठ्याने सांगावयाचे आणि मगच पुढे. दिवसभर तो पोरगा ‘चालू आहे’ असे ओरडत राहिला. गावातील पोरे अजून त्याला त्याच नावाने ओळखतात.

नऊ वाजता वारा सुटला. मुलाच्या चेहऱ्यावर उजेड फेकण्यासाठी त्यांनी कॉलेजातून एक चंदेरी गोल तबकडी आणली होती, घडी घालता येणारी. ती वाऱ्याने उचलली आणि रस्त्याने चाललेल्या उसाच्या ट्रॉलीवर जाऊन पडली. परत मिळाली तेव्हा तिची कडी मोडली होती. टोपलीच्या ओझ्याने मुलाची मान खाली आणि ऊन डोक्यावर. चेहरा काळाठिक्कर दिसे. मुले एकमेकांकडे पाहू लागली.

आता बंधूंनो, आपण शिंपी. कापडाची अडचण आपल्यापुढे कशी टिकणार? आम्ही घरी निरोप धाडला. पत्नीने दुकानातून पाच मीटर मांजरपाट आणविले, दुहेरी करून शिवले, दोन्ही टोकांस नेफे घातले आणि नेफ्यांतून दोन बांबू सरकविले. अर्ध्या तासात वेशीवर हजर! त्या चंदेरी तबकडीने मुलाचे डोळे मिटत होते. मांजरपाटाचा उजेड मऊ पडला, डोळे उघडे राहिले. एक बांबू मुलाच्या वडिलांनी धरला, दुसरा आम्ही. तो कसा धरावा हे आमची नात आम्हांस शिकवू लागली. “आबा, थोडं खाली. आता बाहेर वळवा. हां, आता हलू नका.” मनगट बोटभर वळविले की उजेड हनुवटीवरून कपाळावर चढतो, हे आम्हांस वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळले.

उभ्या उभ्या आम्हांस लेण्यांतील एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या लहानपणी तेथील सेवक दाराशी आरसा किंवा पत्रा धरून बाहेरचे ऊन आत फेकीत आणि अंधारातला पद्मपाणी हळूहळू उजळून येई. ही गोष्ट आम्ही नातीला सांगितली, तेव्हा तिने आम्हांस दुसरी सांगितली. दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ करीत होते तेव्हा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई उन्हात तासन्‌तास पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत. शिवाय सर्व मंडळींचा स्वयंपाक आणि रात्री फिल्मला भोके पाडण्याचे काम. १९१३ च्या ३ मे रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात तो चित्रपट लागला, हे आम्ही वर्गात शिकविले होते. चादरीची गोष्ट आमच्या पुस्तकात नव्हती.

ती आणखी सांगत होती. फाळक्यांची मंडळी बाहेरच्या चित्रीकरणासाठी वांगणी गावी गेली, तेव्हा तलवारी-भाले पाहून गावकऱ्यांस दरोडेखोर आले असे वाटले आणि पोलिसांनी सगळ्यांस अडकवून ठेवले. फाळके मागाहून पोहोचले, त्यांनी कॅमेरा दाखवून समजूत घातली, तेव्हा सुटका झाली. सत्यजित राय यांनी १९५२ च्या ऑक्टोबरात ‘पथेर पांचाली’चा पहिला दिवस काशफुलांच्या माळावर केला. ते नोकरी करीत आणि सुट्टीच्या दिवशी चित्रीकरण. पुढच्या रविवारी पाहतात तो गुरांनी सारी फुले खाऊन टाकलेली! पुन्हा फुले येईपर्यंत वर्षभर थांबावे लागले.

रायबाबूंचे नाव निघाले म्हणून एक सांगतो. शांतिनिकेतनात ते नंदलाल बोस यांचे विद्यार्थी होते आणि विद्यार्थिदशेतच अजिंठा पाहून गेले होते. आणि हे नंदलालबाबू स्वतः १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर, असितकुमार हालदार आदी तरुणांसह, लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी येथे राहिले होते. त्यांचा तळ फर्दापुरास होता. त्याही आधी, १८७२ पासून, मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स साहेब आपले विद्यार्थी घेऊन येत. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. तेरा वर्षांच्या त्या खटपटीतील पुष्कळशा नकला १८८५ साली लंडनच्या आगीत गेल्या. मेजर रॉबर्ट गिल यांचेही तेच. १८४४ पासून त्यांनी येथे नकला केल्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ साली क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. गिल यांची पारो आमच्याच गावात मातीआड आहे. कबरीवर १८५६ साल कोरलेले आहे. तिची गोष्ट आमच्या शेजारच्या पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांनी काव्यात आणली आणि नितीन चंद्रकांत देसाई यांनी तिचा २०१२ साली ‘अजिंठा’ हा चित्रपट केला. २०२३ च्या ऑगस्टात, २ तारखेस देसाई गेले आणि ३ तारखेस महानोर. त्या दोन दिवसांत गावात दुसरा विषय नव्हता.

असो. हे सर्व आम्हांस ठाऊक होते, गावचा मास्तर म्हणून पाहुण्यांस सांगण्याचा सरावही होता. पण वहीत सूर्याची जागा लिहून, थंडीत काकडत, पहिल्या दिवशी काय करावे ते न सुचून उभे राहिलेले विद्यार्थी, असे त्या मंडळींकडे आम्ही कधी पाहिले नव्हते.

दुपारी बारा वाजता खरी कसोटी आली. तोवर तीनच शॉट झाले होते. माणसे जमली होती. कोणी भोंगा वाजवी, कोणी आवाजाच्या काठीखाली उभे राहून मुद्दाम शिंके. मुलगा कंटाळला, भुकेला झाला आणि टोपली ठेवून म्हणाला, “मला नाही करायचं.” बापाने हात उगारला, नातीने तो धरला. मुलास भाकरी दिली, सावलीत बसविले. आणि मग ती स्वतः वेशीच्या मागल्या बाजूस जाऊन दगडावर बसली. आम्ही गेलो तेव्हा ती रडत होती. ती म्हणाली, “आबा, समितीचं बरोबर होतं. हे मला येत नाही.”

छत्तीस वर्षांत रडणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही हजार वेळा धीर दिला असेल. तेथे एक वाक्य सुचेना. जे सांगावयाचे राहून गेले होते तेच तोंडून निघाले. त्या अर्जावर आमचीही सही आहे, असे आम्ही तिला सांगितले.

तिने डोळे पुसले. “माहीत आहे मला,” ती म्हणाली. “उत्तराच्या कागदावर चार सह्या होत्या ना, आबा. तुमचं अक्षर मी ओळखणार नाही का? मला बाराखडी तुम्हीच शिकवली.”

मग ती उठली. तिने मुलाच्या हाती कॅमेरा दिला, पट्टा त्याच्या गळ्यात अडकविला आणि काचेतून बघावयास सांगितले. मुलाने प्रथम बाप पाहिला, मग घाटाकडचा रस्ता, मग आम्ही धरलेले मांजरपाट. बराच वेळ तो बापाकडेच पाहत राहिला. बाप लाजून हसला. नंतर मुलाने कॅमेरा परत दिला, टोपली डोक्यावर घेतली आणि विचारले, “कुठून चालू?” तो चौथा शॉट एकाच खेपेत झाला. लघुपटात शेवटी जो चेहरा दिसतो तो तोच. आत जावयास निघालेला मुलगा एकदा मागे वळून बापाकडे पाहतो आणि चित्र संपते. तो काय पाहत होता हे आम्हांस ठाऊक असल्यामुळे की काय, आम्हांस तेवढेच पुरते.

संध्याकाळी हिशेब झाला. अकरांपैकी चार शॉट. उपयोगी पडेल असे चित्र एक मिनिटाच्याही आत. उरलेले काम पुढे तीन दिवस चालले. सर्व मिळून आठ मिनिटांचा लघुपट झाला. एका स्पर्धेस पाठविला, तेथे निवडला गेला नाही. कॉलेजात बरे गुण मिळाले. मुलाच्या घरी आम्ही तो दूरध्वनीवर दाखविला; त्याच्या आजीने तो चार वेळा पाहिला आणि विचारले, “पैसे किती मिळाले?” प्रश्न रास्त होता. नातीने आपल्या खर्चाच्या पैशांतून मुलास चार दिवसांचे मानधन दिले होते, ते तिला सांगितले.

आमच्या समितीची भीती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणत नाही. या धंद्यात पोट भरण्याची खात्री नाही. कर्ज फेडावयाचे आहे, जावई अजून काळजीत आहेत. पण खात्रीचे म्हणून ज्या शिक्षणास आपण निधीतून पैसे दिले, त्यांतील किती मुले आज घरी बसली आहेत, याची यादी आमच्याजवळ आहे. ती येथे वाचीत नाही. उलट करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे अहमदनगरला संज्ञापन शिकत असता त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. पारध्याच्या पोराला शाळेत जावयाचे आहे, एवढाच विषय. त्याला ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या कृतीचा मान मिळाला. प्रत्येकाचे असे होत नाही, हे आम्हांस कळते. पण शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या पोराची गोष्ट छत्तीस वर्षे आमच्या डोळ्यांसमोर होती आणि ती सांगितली दुसऱ्याने, हेही कळते.

ते मांजरपाट आमच्या घरी आहे. पत्नीने त्याचे अस्तर करावयास घेतले होते. नातीने करू दिले नाही. पुढच्या लघुपटास लागेल म्हणते. बांबू मात्र आम्ही बदलले, पहिले जड होते.

यंदा निधीकडे एकवीस अर्ज आले आहेत. त्यांत दोन अशाच शिक्षणाचे आहेत. एक ध्वनिमुद्रणाचा, एक छायाचित्रणाचा. दोन्ही मुले आपल्यापैकी कोणाची आहेत हे आम्ही विचारलेले नाही. समितीची बैठक येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आहे. आम्ही साडेनऊला येऊन बसणार आहो.